खालीं दुकान, वर कचेरी. आणि आपण कोठें?

कल्याण-शिळ रस्त्याच्या आसपास निळजे, घेसर, कोळे, हेदुटणे, माणगांव, भोपर, संदप, उसरघर, घारिवली व काटई हीं दहा गांवें आहेत. त्यांच्या जमिनीवर कचेऱ्यांचें आणि दुकानांचें एक नवें शहर उभारावयाचें, असें मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें २०१५ च्या सुमारास ठरविलें. त्याचें नांव कल्याण विकास केंद्र. लोकांच्या तोंडीं 'ग्रोथ सेंटर'. जमीन १,०८९ हेक्टर. वांद्रे-कुर्ल्याच्या संकुलासारखें तें व्हावें, तळमजल्यावर दुकानें आणि वर कंपन्यांच्या कचेऱ्या असाव्या, असा बेत. योगायोग पहा. आपल्या एका गुंठ्यांत चौरस फूटही १,०८९ च भरतात! आंकडा एकच, पण हेक्टर मोजणारा पुढल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडून बसला आहे, आणि गुंठा मोजणाऱ्याचा हिशेब पोराच्या हळदीपाशींच संपतो.

आम्ही इमारतीचे वैरी नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथून लाखों माणसें रोज सकाळीं मुंबईच्या गाडींत स्वतःस कोंबून घेतात आणि रात्रीं तशींच परत येतात. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे प्रवासी धांवत्या गाड्यांतून खालीं पडले, आणि त्यांतले कांहीं मेले. पोटासाठीं निघालेला माणूस वाटेंतच मरावा, त्यापेक्षां कचेरीच त्याच्या गांवाजवळ आली तर वाईट काय? शिवाय भातशेती आतां परवडत नाहीं, मजूर मिळत नाहीं, आणि खाचरांत पावसाबरोबर शहराचें सांडपाणी येतें, हें आपण सगळेच जाणतों. मार्च २०२४ मध्यें कल्याण-तळोजा मेट्रोचें भूमिपूजन झालें. तीही याच गांवांवरून जावयाची. तेव्हां 'एक ढेंकूळही देणार नाहीं' अशी नुसती आरोळी ठोकून निभाव लागणार नाहीं. देतांना काय राखून ठेवावयाचें, हें ठरविणें आपल्या हातीं आहे.

साहेबी भाषेंत अशा इमारतीस 'मिश्र वापराची इमारत' म्हणतात. जणूं कांहीं विलायतेहून आणलेली नवलाई! कल्याणच्या जुन्या बाजारपेठेंत किंवा ठाण्यास जांभळी नाक्याच्या बाजूला एक फेरी मारून या. पुढें दुकान, मागें बिऱ्हाड, माडीवर पोतीं नाहीं तर कोणाची तरी पेढी. सुताराचा रंधा, शिंप्याचें यंत्र, सोनाराची बागेसरी, हीं सगळीं राहत्या घराच्या ओटीवरच चालत आलीं आहेत. खालीं धंदा व वर बैठक ही रीत आपल्या कारागिरांनींच घालून दिली. फरक इतकाच, कीं त्या घराचा मालक आणि त्यांतला कारागीर पुष्कळदां एकच असे. नसला तरी भाडें घेणारा मालक त्याच आळींत राही, आणि अडीअडचणींत त्याचें दार ठोठावतां येई. आतांच्या इमारतीचा मालक म्हणजे कंपनी. तिचें दार कोणीं आणि कोठें ठोठवावें?

ज्या जमिनीवर हें सारें उभें राहावयाचें, ती आपल्या नांवावर कशी आली, हें आजच्या पोरांस कोणी सांगत नाहीं. कोंकणपट्टींत कसणारा एक आणि पीक नेणारा दुसरा, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. १९३३ सालीं अलिबाग तालुक्यांत चरीच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं संप केला. वर्षानुवर्षें जमिनी ओस टाकल्या, करवंदें व लाकडें विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाहीं. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती बंद करण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. पुढें १९४८ चा कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसेल तो मालक ठरला. म्हणजे आज सत्तर वर्षांचा जो म्हातारा पारावर बसला आहे, त्याच्या बापाचें नांव सातबाऱ्यावर प्रथम चढलें तें त्या सुमारास. कूळकायद्यानें मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीवांचून विकतां येत नसे. २०१४ सालीं तो कायदा सैल झाला. खरेदीचें प्रमाणपत्र मिळून दहा वर्षें झालीं असलीं, कीं आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून जमीन विकतां येते. आकार म्हणजे मूठभर रुपये! आज्यानें उपास काढून मिळविलेलें नातू एका मोटारीच्या हप्त्याइतक्या पैशांत मोकळें करून घेतो.

मग दलाल येतो. तो परका नसतो, हेंच दुखणें आहे. तो आपल्याच गांवचा, आपल्याच भावकींतला, गळ्यांत साखळी घातलेला. तो म्हणतो, "काका, सरकार घेईल तेव्हां कवडी देईल. आज रोख घ्या." काकांचे डोळे फिरतात. पैसा येतो, आणि दोन वर्षांत घरांतून वाहून जातो: दुमजली बंगला, मोठी गाडी, हळदीला हजार पानें आणि रात्रभर वाजणारा बेंजो. ज्यानें पन्नास गुंठे विकले त्याचा मुलगा त्याच जमिनीवर झालेल्या इमारतीच्या फाटकावर शिटी वाजवीत उभा राहतो, असें घर तुमच्या गांवांत नाहीं काय? बोलल्याचा राग येईल, येऊं द्या. हळद-लग्नाचा खर्च कर्जानें करूं नका, असें शेतकऱ्यास पूर्वीपासून सांगत आले आहेत. आतां कर्ज काढावें लागत नाहीं, जमीनच जाते, एवढाच फरक.

आतां हिशेब करूं. मानूं या, तुमची जमीन दहा गुंठे आहे. नगररचना योजनेंत निम्मी जमीन रस्ते, शाळा, बागा यांस गेली आणि पांच गुंठ्यांचा तयार प्लॉट तुमच्या हातीं आला. म्हणजे ५,४४५ चौरस फूट. अडीच पट चटई क्षेत्र मिळालें, तर १३,६१२ चौरस फूट बांधकाम होतें. बांधणाऱ्यास त्यांतलें निम्मे दिलें, तरी तुमच्या नांवें ६,८०६ चौरस फूट दुकानें व कचेऱ्या राहिल्या. फुटामागें महिन्यास चाळीस रुपये भाडें धरा: दरमहा पावणेतीन लाखांच्या आसपास होतात. वर्षांतून चार महिने जागा रिकामी पडली, कर भरला, डागडुजी केली, असें सगळें वजा घाला. तरी दीड लाखाला मरण नाहीं. प्रत्यक्षांत वांटा, पट, भाडें हें सगळें कमीजास्त होईल, म्हणून आमचे आंकडे खडूनें लिहिले आहेत असें समजा. पण दलालाच्या रोख रकमेशेजारीं हा हिशेब एकदां मांडून पहा, आणि आपल्या सुनेकडून तपासून घ्या. ती शिकलेली आहे. तिला विचारण्यांत कमीपणा नाहीं.

"हें पुस्तकी बोलणें आहे, शेतकऱ्यास हें जमणार नाहीं," असें म्हणणाऱ्यास पुण्यास हडपसरला पाठवावें. तेथें सुमारें सव्वाशे शेतकरी कुटुंबांनीं चारशेंहून अधिक एकर जमीन एकत्र केली. तीं बहुतेक मगर आडनांवाचीं, ऊंस आणि भाजीपाला करणारीं. शहर अंगावर येऊन जमीन सरकार घेणार, अशी धास्ती त्यांनाही होती. सतीश मगर यांनीं पुढाकार घेतला, कुटुंबांची कंपनी झाली, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग ठरले. २००० सालाच्या सुमारास काम सुरू होऊन मगरपट्टा शहर उभें राहिलें. घरें विकलीं, पण संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या भाड्यानें दिल्या, आणि तें भाडें भागधारकांच्या घरीं येत राहिलें. गांवच्या मुलांस ठेकेदारी, दुकानदारी, बांधकामाचें सामान पुरविणें हीं कामें शिकवून दिलीं.

मात्र नुसता भागाचा कागद म्हणजे मगरपट्टा नव्हे. त्याच पुणें जिल्ह्यांत खेड तालुक्यांत कनेरसर, निमगांव, दावडी या बाजूस विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन गेली. शेतकऱ्यांस पंधरा टक्के विकसित जमीन परत मिळावयाची होती. ती त्यांच्या नांवच्या कंपनींत घातली व त्यांना भागधारक केलें. भागधारक झाले, पण कारभार हातीं नव्हता, आणि पुढें 'आमची पंधरा टक्के जमीनच परत द्या' म्हणून त्यांना वर्षानुवर्षें मोर्चे काढावे लागले. तेव्हां भाग घेतांना पहिला प्रश्न हा कीं, संचालकांच्या खुर्च्या किती आणि त्यांत गांवच्या किती? हिशेब कोण तपासणार? भाग बाहेरच्यास विकतां येतो काय? पनवेल-उरणचा धडा आणखी निराळा. जानेवारी १९८४ मध्यें जासई व न्हावा-शेवा येथें गोळीबारांत पांच शेतकरी पडले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. रक्त सांडून मिळालेला तो हक्क पुष्कळांनीं प्लॉट हातीं येण्याआधींच, नुसत्या कागदावर, बिल्डरांस विकून टाकला!

आमच्या सत्तावीस गांवांची तर दशाच निराळी. १९८३ सालीं महापालिकेंत घातलीं, २००२ सालीं बाहेर काढलीं, २०१५ सालीं पुन्हां आंत घेतलीं. ग्रामपंचायत गेली म्हणजे ग्रामसभा गेली, आणि नोव्हेंबर २०२० नंतर पांच वर्षें महापालिकेंत लोकांनीं निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या सहीनें चालला. सरकारनें ग्रामसभा भरविली नाहीं, तरी देवळाच्या पारावर सभा भरविण्यास कोणाची परवानगी लागते? तेथें योजनेचा नकाशा भिंतीवर लावावा, आणि करारनामा मोठ्यानें, मराठींत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. बायकांनीं मागें उभें राहूं नये, पुढें बसावें. २००५ पासून मुलीसही बापाच्या वडिलोपार्जित जमिनींत मुलाइतकाच वांटा आहे. तिची सही भाऊबीजेच्या ओवाळणींत घालून घेण्याची चाल सोडून द्यावी. आणि ज्या बिल्डराशीं भागीदारी करावयाची, त्याची बांधकाम परवानगी महापालिकेच्या दप्तरांत स्वतः जाऊन पहावी. डोंबिवली परिसरांत खोट्या परवान्यांवर पासष्ट इमारती उठल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा हुकूम दिला. त्यांत घरें घेणारीं कुटुंबें आयुष्याची कमाई घालून बसलीं होतीं.

इतका वेळ आम्ही सातबारावाल्यांविषयीं बोललों. ज्याच्याजवळ सातबारा नाहीं, त्याचें काय? नाक्यावरचा चांभार, गावदेवीजवळ माठ मांडणारा कुंभार, भाजीची टोपली घेऊन बसणारी बाई, लोहार, न्हावी, सायकल दुरुस्त करणारा, यांचें नांव कोणत्याच योजनेच्या नकाशावर नसतें. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो, कीं आधीं मोजणी करा, मग परवाना द्या, आणि मोजणी होईपर्यंत कोणास हुसकावूं नका. पुढें १ नोव्हेंबर २०१७ रोजीं उच्च न्यायालयानें रेल्वे स्टेशनापासून १५० मीटरांच्या आंत फेरीवाल्यांनीं बसूं नये असें ठरविलें. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर हुसकावलेल्यास बसावयास दुसरी जागा दिली पाहिजे, हें शेंबडें पोरही सांगेल. पण स्टेशनाजवळ नवी इमारत झाली, कीं तिच्या तळमजल्यावर खाद्यपेयांचीं परदेशी दुकानें येतात, आणि पूर्वी त्याच ठिकाणीं बसणारा आंत गेला तर रखवालदार त्याला हटकतो.

ठाण्याची वागळे इस्टेट १९६२ सालीं झाली, तेव्हां आसपासच्या गांवचीं पोरें लेथ व वेल्डिंग शिकून कारागीर झालीं. आज त्याच वसाहतींत कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत हातानें काम करणाऱ्यास झाडलोटीवांचून फारसें काम नाहीं. कल्याणच्या नव्या केंद्रांत हें पुन्हां घडूं नये म्हणून आमची मागणी साधी आहे. दर इमारतीच्या तळमजल्याचा ठराविक हिस्सा स्थानिक कारागिरांस व पथविक्रेत्यांस ठरलेल्या भाड्यानें, लेखी, आराखडा मंजूर होण्याआधींच राखून ठेवावा. मागल्या गल्लींत नव्हे, रस्त्याच्या तोंडास. आणि तो गाळा कसा असावा हेंही आपणच सांगावें, कारण आराखडा काढणाऱ्या साहेबास तें ठाऊक नसतें. सुताराच्या गाळ्याचा दरवाजा लांब फळी आंत फिरेल एवढा रुंद हवा. लोहाराला धुराडें हवें. भाजीवालीला पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि पहाटे टेंपो उभा करण्यास जागा हवी, आणि बायकांसाठीं संडास त्याच मजल्यावर हवा. हरकती-सूचना मागविल्याची नोटीस निघेल, त्या आठवड्यांतच प्रत्येक आळीनें हें सगळें मराठींत लिहून द्यावें, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा, आणि ती प्रत पत्र्याच्या पेटींत सातबाऱ्याशेजारीं ठेवावी.