कॅमेऱ्यातलं कार्ड पुसण्याआधी

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या खणातून काय काय निघतं, ते मी तुम्हांला सांगायला नको. आहेरात आलेले काचेचे सेट, जुन्या पर्सेस, आणि हल्ली पुष्कळ घरांतून निघतो तो तळहातावर मावेल एवढा डिजिटल कॅमेरा. फोनमध्येच कॅमेरा आला आणि हा बिचारा अडगळीत पडला. पण आता कॉलेजातल्या मुलींना त्याच्याच फोटोंची हौस आलीय. "आई, मी नेऊ हा सहलीला?" म्हणत पोरगी चार्जर शोधायला लागते. न्यावा की! वस्तू वापरात आलेली केव्हाही बरी. फक्त त्याच्या पोटातल्या कार्डाची विचारपूस आधी आपण करायची. त्यातले फोटो कुणी उतरवून घेतले होते का, हे घरात कुणालाच धड आठवत नसतं.

एका वाचक भगिनीने विचारलंय ते असंच. त्यांच्या कॅमेऱ्यात सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आहेत. सासूबाई आता नाहीत आणि हे फोटो दुसरीकडे कुठेही नाहीत. कॅमेरा सुरू केला तर पडद्यावर येतं, 'कार्ड एरर', आणि खाली प्रश्न, 'फॉरमॅट?' धाकटे दीर म्हणतात, वहिनी, दाबा बटण, कार्ड ठीक होईल. दाबू का?

नको. अजिबात नको. भाऊजी म्हणतात ते अर्धं खरं आहे. कार्ड बहुधा चालू लागेलही, पण रिकामं!

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय, ते एकदा समजून घ्या. आपल्या मांडणीवर वीस डबे आहेत आणि कशात काय आहे याची यादी दाराला चिकटवलीय असं समजा. फॉरमॅट केलं की कॅमेरा ती यादी फाडून नवी कोरी चिकटवतो. डब्यातलं सामान बहुतेक वेळा तिथंच असतं, पण कॅमेऱ्याच्या लेखी सगळे डबे रिकामे. मग नवा फोटो काढला की तो एखाद्या डब्यात भरला जातो आणि तिथला जुना फोटो कायमचा जातो. म्हणूनच चुकून फॉरमॅट झालंच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. 'बघू तरी चालतंय का' म्हणून काढलेला एक फोटोसुद्धा महागात पडतो. काही कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' असाही पर्याय असतो. त्यानंतर मात्र फारशी आशा धरू नये.

आता या भगिनीने करायचं काय? कॅमेरा बंद करून कार्ड काढायचं. एसडी कार्डाच्या कडेला इवलीशी सरकपट्टी असते, ती 'लॉक'कडे सरकवली की त्यावर काही लिहिलं जात नाही. कार्डाच्या पाठीमागच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसायच्या. पाणी नको, पदराला थुंकी लावून तर नकोच! मग कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावून पाहायचं. कॅमेऱ्याला न वाचता येणारं कार्ड कॉम्प्युटर कधी कधी वाचतो. त्यानेही फॉरमॅटचं विचारलं तर तिथेही 'नाही' म्हणायचं. हरवलेले फोटो शोधणारे प्रोग्रॅम असतात. 'फोटोरेक' नावाचा तर फुकट मिळतो. घरात कॉम्प्युटरचं जाणणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून करून घ्या. मात्र सापडलेले फोटो कॉम्प्युटरवर साठवायचे, त्याच कार्डावर नाही. हे काम दुकानातूनही करून मिळतं. काहीच हाती लागलं नाही तरी पैसे द्यायचे का, एवढं आधी ठरवून घ्या.

कार्ड नीट चालत असेल तर काम सोपं आहे. सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवा. एक कॉम्प्युटर, दुसरी पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क. मग त्यातले पाच-सात फोटो मोठे करून उघडून पाहा, कारण नुसती छोटी चित्रं दिसली म्हणजे फोटो धड उतरले असं नव्हे. एवढं झालं की कार्ड निर्धास्तपणे फॉरमॅट करा, आणि ते कॅमेऱ्यातच करा, कॉम्प्युटरवर नको. प्रत्येक कॅमेऱ्याला आपल्या पद्धतीने लावलेली मांडणी लागते. आपल्या स्वयंपाकघरात पाहुणीने डबे लावून दिले तर आपल्याला तरी सापडतात का? नवं कार्ड आणलं किंवा दुसऱ्या कॅमेऱ्यातलं घातलं, तरी सुरुवातीला हेच करावं. बॅटरी पुरती भरलेली असू द्या. मेनूत बहुधा पान्याचं चित्र असतं, तिथे 'फॉरमॅट' सापडेल. काम चालू असताना कार्डाचं झाकण उघडू नका.

इथे पुष्कळजणी फसतात. आवडत्या फोटोवर किल्लीचं चिन्ह लावून तो 'सुरक्षित' करता येतो. 'सगळे पुसा' म्हटलं तर असे फोटो वाचतात. फॉरमॅट केलं तर तेही जातात! तसंच, कार्ड काढून ठेवलंय म्हणून निश्चिंत राहू नका. काही छोट्या कॅमेऱ्यांत थोडी जागा आतच असते, आणि कार्ड नसताना फॉरमॅट केलं की ती पुसली जाते.

नवं कार्ड घ्यायचं तर सर्वांत मोठं मागू नका. साधी एसडी कार्डं २ जीबीपर्यंतची. २००६ मध्ये एसडीएचसी आली, ती ३२ जीबीपर्यंत. त्याहून मोठी एसडीएक्ससी २००९ नंतरची. जुना कॅमेरा आपल्यानंतर आलेल्या जातीचं कार्ड सहसा ओळखत नाही, मग ते कितीही फॉरमॅट करा. सोनी आणि ऑलिंपसच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना तर वेगळ्याच आकाराचं कार्ड लागतं. तेव्हा दुकानात जाताना जुनं कार्ड सोबत न्या.

आणि कॅमेरा कुणाला द्यायचा किंवा विकायचा झाला, तर कार्ड काढून घ्या. यादी फाडली तरी सामान आत राहतं, हे आता तुम्हांला ठाऊक आहे. घरच्या मुलीबाळींचे फोटो परक्याच्या हाती कशाला? नव्या कार्डाला फार पैसे पडत नाहीत, ते त्यांचं त्यांना घेऊ द्या.