शब्द उलटा करायला शिकवू नका, उधारीची वही शिकवा!

दुकानाचा हिशोब स्वतःच्या प्रोग्रॅमवर आणायचा म्हणून तुम्ही पायथॉन शिकायला घेता. स्ट्रिंगचा धडा येतो आणि स्वाध्याय काय असतो? शब्द उलटा करा. ‘नयन’ दोन्हीकडून सारखाच वाचता येतो का, ते तपासा. तुम्ही तो सोडवता आणि मनात म्हणता, “याचा माझ्या गल्ल्याशी काय संबंध?” तिथेच शिकणं थांबतं.

माझं स्पष्ट मत आहे: स्वाध्याय तुमच्या काउंटरवरच्या कागदांतूनच यायला हवेत. कसे, ते बघा.

पहिला, उधारी. इनपुटने आधी १०० घ्या, मग ५०, आणि बेरीज करा. उत्तर १५० नाही, १००५० येतं! कारण इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, आणि अधिकचं चिन्ह स्ट्रिंगा नुसत्या जोडतं. गिऱ्हाईकाच्या नावावर दहा हजार चढले की हा धडा जन्मात विसरणार नाही. आता रक्कम स्वल्पविराम देऊन ‘१,२५०’ अशी लिहा आणि तिचा इंट करून बघा. एरर येईल. आधी स्वल्पविराम काढायचा, मग रूपांतर.

दुसरा, व्यापाऱ्याचा बँक खाते क्रमांक. सुरुवातीला शून्य असेल आणि तुम्ही तो संख्या म्हणून ठेवलात, तर शून्य गायब. एक्सेलमध्ये तर संख्येचे १५ अंकच टिकतात, पुढच्या अंकांचे शून्य होतात. म्हणजे १६ अंकी क्रमांक चुकलाच! म्हणून टाइप करण्याआधी त्या कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करा.

तिसरा, जीएसटी क्रमांक. एकूण १५ अक्षरं. पहिली २ राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढची १० म्हणजे पॅन. स्ट्रिंगचे तुकडे करायला शिकायचंय ना? मग यातून राज्य आणि पॅन वेगळे काढा. लांबी १५ नसेल तर बिल सेव्हच होऊ देऊ नका.

चौथा, आपली मराठी. ‘नमस्कार’ची लांबी पायथॉनला विचारा. आपल्याला ४ अक्षरं दिसतात, तो ७ सांगतो, कारण तो हलन्त आणि काना वेगळे मोजतो. लेबलवर नाव बसवताना हे माहीत हवं.

काही शिक्षक म्हणतील, शब्द उलटा केल्याने लॉजिक पक्कं होतं. होतं ना! पण ते नंतर. आधी गरज कळू दे, लॉजिक मागोमाग येतं.

एकच कसोटी लक्षात ठेवा: “या आकड्याची मी कधी बेरीज-वजाबाकी करणार का?” हो, तर संख्या. नाही, तर स्ट्रिंग. दोन मोबाइल नंबरांची बेरीज करून कुणाला फोन लागणार आहे?

आजचा गृहपाठ: तुमचं एक जुनं बिल घ्या. प्रत्येक रकान्यापुढे ‘संख्या’ की ‘स्ट्रिंग’ ते पेनने लिहा. कोड उद्या. चला, लागा कामाला!