बेत कोणाचा, वेळ कोणाची?

आमच्या प्रतापनगरापासून गायत्रीनगरचें आय. टी. पार्क फारसें दूर नाहीं. सायंकाळीं फिरावयास निघालों म्हणजे तेथून परतणारी तरुण मंडळी भेटते. त्यांत कोणी प्रॉडक्ट मॅनेजर, कोणी प्रॉडक्ट ओनर, तर कोणी प्रोजेक्ट मॅनेजर. आमच्यासारख्या संस्कृतच्या जुन्या मास्तरास हीं नांवें अमरकोशांतील पर्यायशब्दांसारखीं वाटत. तो भ्रम आमच्या भाचीनें दूर केला.

तिला एका कंपनींत 'ओनर'ची जागा मिळाली तेव्हां घरीं पेढे वाटले गेले. सहा महिन्यांनीं ती रडवेली होऊन आली. काम फसलें होतें व जाब तिला विचारला गेला होता. "मामा, नांवाची मी ओनर, पण आधी कोणतं काम घ्यायचं, हे वरचे तिघे परस्पर ठरवतात," असें ती म्हणाली.

वाचकांनीं लग्नघरची पंगत डोळ्यांपुढें आणावी. पाहुणे कोण, त्यांस काय रुचेल, खर्च किती पेलेल, हें पाहून बेत ठरवितो तो प्रॉडक्ट मॅनेजर. त्याची दृष्टि वापरणाराच्या गरजेवर. आधीं वरण चढवावयाचें कीं जिलबी तळावयाची, हें आचाऱ्यांजवळ उभा राहून सांगतो तो प्रॉडक्ट ओनर. कामांची क्रमवार यादी त्याच्या हातीं. आणि पानें साडेअकरास मांडलीं जावींत, सामान व माणसें कमी पडूं नयेत, ही चिंता वाहतो तो प्रोजेक्ट मॅनेजर.

मग घोटाळा कां होतो? पहिल्याचें मूळ साबणाच्या धंद्यांत आहे. १९३१ सालीं अमेरिकेंत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या नील मॅकेलरॉय यांनीं, एकेका मालाची जबाबदारी वाहणारीं स्वतंत्र माणसें असावींत, असें टिपण लिहिलें. दुसरा 'स्क्रम' नामक कार्यपद्धतींतला. केन श्वाबर व जेफ सदरलंड यांच्या स्क्रम-मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तींत ओनर आहे, परंतु प्रॉडक्ट मॅनेजर हें नांवच नाहीं. दोन कुळांतलीं हीं पदें एका छपराखालीं आलीं. म्हणून कोठें दोन्ही कामें एकाकडे असतात, कोठें दोघांकडे. त्याच मार्गदर्शिकेंत मात्र स्पष्ट म्हटलें आहे कीं, ओनर ही एक व्यक्ति असावी, समिति नव्हे. आणि तिचे निर्णय सर्व संस्थेनें मानावेत.

मीमांसक कर्म सांगतांना त्याचा अधिकारी कोण, हा प्रश्न सोडीत नाहींत. म्हणून ज्यांचीं मुलें-मुली अशा जागा पत्करीत असतील त्यांस आमचें सांगणें इतकेंच: पेढे आणण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावयास लावा. यादी कोणाच्या हातीं? ती बदलावयाची तर कोणाची संमति लागते? काम फसल्यास उत्तर कोणीं द्यावयाचें? पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचीं उत्तरें निराळीं आलीं, तर पगार कितीहि असो, सावध असावें.

भाचीनें हेच प्रश्न वरिष्ठांस लिहून दिले आहेत. उत्तर यावयाचें आहे. तेथें राहावयाचें कीं नाहीं, हें तें वाचून ती स्वतःच ठरवील.