पहिल्या इंजिनाचे माहेर

आपल्या मस्कतमध्ये आगगाडी नाही. सोहारहून अबू धाबीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले आहे, पण वादी अदाईतल्या मुलांसाठी आगगाडी म्हणजे अजून तरी सुट्टीतला दादर ते ठाणे प्रवास. म्हणून मराठी वर्गात मी १६ एप्रिल १८५३ची गोष्ट सांगायला घेतली. बोरीबंदर, दुपारचे साडेतीन, एकवीस तोफांची सलामी, चौदा डबे, चारशे निमंत्रित आणि पुढे तीन इंजिने. परंपरेने त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगतात. साधारण सव्वा तासात गाडी ठाण्याला पोहोचली, इथवर सांगून मी थांबले.

पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्याने विचारले, "काकू, ती इंजिनं कोणी बनवली? आणि आता कुठे आहेत?"

मला दोन्ही उत्तरे येत नव्हती. इतकी वर्षे शाळेत शिकवले. तोफा किती सुटल्या ते पाठ, पण इंजिन कोणी घडवले हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. घरी येऊन शोध सुरू केला. तेच यंदाच्या सदरात लिहिते आहे.

ही तिन्ही इंजिने इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातली. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली आणि दोनच वर्षांत, १८३२ मध्ये, चार्ल्स टेलर या गृहस्थाने त्या मार्गालगत न्यूटन-ले-विलोज इथे कारखाना काढला. 'रॉकेट' इंजिनामुळे गाजलेला रॉबर्ट स्टीफनसन सुरुवातीला त्याचा भागीदार होता. १८४७ मध्ये कारखान्याचे नाव 'व्हल्कन फाउंड्री' झाले. फाउंड्री म्हणजे ओतशाळा आणि व्हल्कन हा रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव. त्यांचा विश्वकर्माच म्हणा ना! शेजारी कामगारांसाठी घरे बांधली गेली आणि त्या वस्तीलाही व्हल्कन व्हिलेज हेच नाव पडले.

इकडे मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी मंडळी रेल्वेसाठी खटपट करत होती. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशी, म्हणजे आपल्या जीआयपीशी, करार झाला. त्यातली मेख अशी, की कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी देण्यात आली. नफा झाला नाही, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार होती. थोडक्यात, इंजिने परदेशी असली तरी जोखीम आपल्या रयतेच्या डोक्यावर होती.

जीआयपीने सुरुवातीची आठ इंजिने व्हल्कनकडून घेतली. इंग्लंडच्या बहुतेक मार्गांवर रुळांमधले अंतर ४ फूट साडेआठ इंच. आपल्याकडे ठरले ५ फूट ६ इंच. त्यामुळे ज्या गावात ही इंजिने जन्मली, तिथल्या रुळांवर ती धावूच शकत नव्हती. सासरच्या मापानेच घडवलेली ती! सुएझ कालवा खुला व्हायला १८६९ उजाडायचे होते, त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे त्यांची पाठवणी झाली.

हे नाते तिथेच संपले नाही. १९२९च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. मालगाड्या ओढणारी आणि घाटात गाड्यांना मागून रेटा देणारी ती 'खेकडा' इंजिने आपल्या आईवडिलांना आठवत असतील. त्यांतली बरीचशी व्हल्कनमध्येच बनली होती. पुढे १९५४-५५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावर आलेली विजेची इंजिनेही तिथलीच. म्हणजे बोरीबंदरच्या पहिल्या गाडीपासून स्वातंत्र्यानंतरच्या घाटातल्या गाड्यांपर्यंत, शंभर वर्षे एकाच ओतशाळेचा आपल्याशी संबंध राहिला. तो कारखाना १९५५ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीकडे गेला आणि २००२ मध्ये बंद पडला. आता त्या जागेवर नवी घरे उभी आहेत. कामगारांची जुनी वस्ती मात्र टिकून आहे.

आता दुसरा प्रश्न : ती इंजिने कुठे आहेत? साहिब, सिंध, सुलतान यांपैकी एकही आज कुठल्या संग्रहालयात पाहायला मिळत नाही. आपण काहीच जपले नाही, असेही नाही. १८५५ साली लीड्सच्या कारखान्यात बनलेली 'फेअरी क्वीन' आजही जतन केलेली आहे. पण पहिल्या गाडीची ती तिघे गेली ती गेलीच.

जपानची गोष्ट वाचून तर मी गप्पच झाले. त्यांची पहिली रेल्वे १८७२ मध्ये टोकियोच्या शिंबाशीहून योकोहामाला सुरू झाली. त्यांचे पहिल्या क्रमांकाचे इंजिनही १८७१ मध्ये व्हल्कननेच बनवले होते. तेही जुने झाल्यावर विकले गेले आणि क्युशू बेटावरच्या शिमाबारा इथल्या छोट्या रेल्वेकडे गेले. पण त्याचे मोल जाणणारे लोक होते. १९३० मध्ये ते परत आणून जतन केले गेले. त्याला निरोप देताना शिमाबाराच्या अध्यक्षांनी विरहाचे दुःख सांगणारी पाटी त्याच्यावर बसवली होती. आज ते सैतामाच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि १९९७ पासून देशाचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून त्याची नोंद आहे. दोघांचे माहेर एकच, पण सासर वेगळे.

हे वाचताना सरकारला नावे ठेवायचा मोह झाला. मग आमचे आजोबा आठवले. ते भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते. हातबत्ती, पितळी बिल्ला आणि कोळशाच्या धुराचा वास धरून बसलेली पत्र्याची पेटी, एवढा त्यांचा ठेवा होता. ते गेल्यावर घर आवरताना आम्हीच ते सगळे भंगारवाल्याला दिले. पितळेचा भाव बरा मिळाला म्हणून घरात समाधानच होते. एका पाळीत किती कोळसा टाकावा लागतो, घाटात हात कसे भरून येतात, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता ते सांगणारे कोणी नाही.

वाचकहो, आपल्या मंडळात परळ, माटुंगा, भुसावळ, सोलापूर इथल्या रेल्वेच्या घरांतून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. भारतात हा अंक वाचणारे नातेवाईकही आहेत. यंदा सुट्टीत घरी गेलात, तर माळ्यावरची पेटी उघडून पाहा. इंजिनावर काम केलेले कोणी आजोबा असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. पुढच्या वर्षीच्या सदरात त्या आठवणींना जागा ठेवली आहे.

त्या चिमुरड्याला मी पुढच्या तासाला दोन्ही उत्तरे सांगितली. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "काकू, मग तुमच्या आजोबांचा बिल्ला कुठे आहे?"