आजोबांची पद्मिनी आणि २०३४ची नंबर प्लेट

लोअर परळ स्टेशनहून ना. म. जोशी मार्गाला लागलं की एका चाळीच्या मागे ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. माझ्या मित्राच्या आजोबांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी. चाळ रिडेव्हलपमेंटला निघालीय, दोन महिन्यांत जागा खाली करायचीय आणि घरात सगळ्यात जास्त भांडण या गाडीवरून चाललंय. बाबा म्हणतात, भंगारात द्या. आजोबा म्हणतात, होती तशी करा, नाहीतर हात लावू नका. आणि आमचा हिरो रील्स बघून ठरवून बसलाय : खाली बसवलेलं सस्पेन्शन, एखाद्या नव्या हॅचबॅकचं इंजिन, मॅट ब्लॅक रंग.

‘‘तू पेपरात आहेस ना, बघ जरा काय काय चालतं,’’ असं त्याने सांगितलं म्हणून बघायला गेले. वाटलं होतं, आवडीनिवडीचा प्रश्न आहे. निघाला कायद्याचा.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा कार त्यात बसते. पण अट अशी, की ती मूळ रूपात राखलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार, ती दहा वर्षं चालते.

आता हिशोब करा. १९८४ अधिक ५०, म्हणजे २०३४. मित्राने आज इंजिन बदललं तर तेव्हा आजोबांच्या गाडीला व्हिंटेज म्हणवून घेण्याचा रस्ताच बंद. बावीसाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचं बिल तिशी ओलांडल्यावर येणार.

बरं, व्हिंटेज गेलं खड्ड्यात, मला फक्त भारी गाडी फिरवायचीय, असं म्हटलं तरी सुटका नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनला धक्का लागेल असा बदल करता येणार नाही. रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण मान्यता मिळालेलंच. बेकायदा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रील्समध्ये हे कोणी सांगत नाही.

मग काहीच न करता ठेवायची? तेही फुकट नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ही नूतनीकरण फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई हायकोर्टाने शहरातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला सांगितलं आणि राज्य सरकारने समितीही नेमली. वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतंच.

माझा आक्षेप इथे आहे. जर्मनीत ३० वर्षं झालेल्या, नीट राखलेल्या गाडीला ऐतिहासिक म्हणून वेगळी प्लेट मिळते. जुन्या गाड्यांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय संघटनेची मर्यादाही ३० वर्षांचीच. आपल्याकडे १५ ते ५० या मधल्या ३५ वर्षांत गाडी कायद्याच्या नजरेत फक्त ‘जुनी’ असते. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या याच गाड्या खासगी मालकांनी जपायच्या म्हटलं, तर सवलत शून्य. आणि पन्नाशी गाठून व्हीए प्लेट मिळालीच, तरी ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते. कॉलेजला घेऊन जायची सोय नाही.

आमच्या भागाला मॉडिफिकेशन काय असतं ते वेगळं सांगायला नको. फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे, खाली मॉल आहे. मित्राला पद्मिनीचं नेमकं हेच करायचंय : वरचा सांगाडा जुना, आतलं सगळं दुसरं.

तरी ‘ओरिजिनल’चा हट्टही शंभर टक्के पाळता येत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलने जुन्या गाड्यांचे रबरी होज आणि सील खराब होतात, ते नवे टाकावेच लागतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे ब्रेकच्या कामात काटकसर नको. मला स्वतःला यातून एक साधी कसोटी सुचली : जो बदल उद्या काढून टाकता येतो, तो करावा. सीट बेल्ट लावा, सीटला नवं कव्हर शिवा, ब्लूटूथ स्पीकर डिकीत ठेवा. पण डॅशबोर्ड कापू नका, आणि स्टेअरिंगजवळचा तो हँड गिअर तर अजिबात काढू नका. काढलेला प्रत्येक पार्ट खोक्यात भरून ठेवा. चोर बाजारात पुन्हा मिळेलच याची खात्री नाही.

हे सगळं मित्राला ऐकवलं. मॅट ब्लॅक तूर्तास रद्द झालाय. गेल्या रविवारी त्याने बोनेट उघडलं, तर आजोबा स्वतः खाली उतरले आणि तासभर कार्ब्युरेटर समजावत बसले. बाबांचा विरोध अजून आहेच. चाळ रिकामी झाल्यावर गाडी उभी कुठे करायची, यावर घरात कुणाकडेच उत्तर नाही. संक्रमण शिबिरात पार्किंग मिळत नाहीये. डोंबिवलीच्या मावशीला विचारून झालंय, ती ‘बघू’ म्हणालीय.