चांदीचा कण आणि पाण्याचा प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडावर महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. अशा यात्रांत प्रशासनापुढे पहिली चिंता असते ती पिण्याच्या पाण्याची. तेथे क्लोरीन हाच आजही भरवशाचा उपाय असला, तरी घरगुती शुद्धीकरण यंत्रांच्या बाजारात ‘चांदीयुक्त’ हा शब्द परवलीचा झाला आहे. मात्र चांदी आहे एवढ्यावरून ती जिवाणू मारीलच, असा निष्कर्ष निघत नाही.

चांदीच्या स्फटिकाचा आकारही निर्णायक ठरू शकतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. सुकदेब पाल, यू क्यंग टाक आणि जून म्यंग सोंग यांनी ई. कोलाय जिवाणूवर गोल, दंडाकृती आणि त्रिकोणी चकतीसारखे सूक्ष्मकण वापरून पाहिले. त्रिकोणी कणांतील १ मायक्रोग्रॅम चांदीने जी वाढ रोखली, तिच्यासाठी गोल कणांतील १२.५ मायक्रोग्रॅम चांदी लागली. दंडाकृती कण त्याहूनही मागे पडले. त्रिकोणी चकतीच्या सपाट पृष्ठावर चांदीचे अणू दाटीने बसलेले असतात आणि ते अधिक क्रियाशील असतात, अशी त्यामागची मांडणी होती.

या निष्कर्षाला २०१२ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी महत्त्वाची पुस्ती जोडली. प्राणवायूविरहित वातावरणात चांदीचे कण जवळजवळ निष्प्रभ ठरले. म्हणजे जिवाणूंचा नाश करतात ते कणांतून सुटणारे चांदीचे आयन. आकाराचा प्रभावही बऱ्याच अंशी आयन किती वेगाने सुटतात यातूनच पडत असावा.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. टाटा समूहाने २००९ साली आणलेल्या ‘स्वच्छ’ या यंत्रात भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण यांचा मेळ होता. धानासाठी ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात या तुसाला तोटा नाही.

खरी अडचण मोजमापाची आहे. पिण्याच्या पाण्यासाठीचे २०१२ चे भारतीय मानक चांदीची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ठरवते. आरोग्याच्या दृष्टीने ती आवश्यकच आहे. पण तिच्यातून पाण्यात चांदी किती आहे एवढेच कळते, ती किती परिणामकारक आहे हे कळत नाही. म्हणून किती लिटर पाण्यानंतरही जिवाणूनाशाची क्षमता टिकते आणि पाण्यात किती चांदी उतरते, याचा चाचणी अहवाल उत्पादकांनी द्यायला हवा. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक खरेदीदाराने तो मागितला, तरच ‘चांदीयुक्त’ या शब्दाला काही अर्थ उरेल.