गावतलावातील मासा कोणाचा?

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या गावतलावाच्या पाळीवर आश्विनातील सकाळी आपण उभे राहिलात, तर मासे धरणारे दोन प्रकारचे लोक आपणांस दिसतील. एक, डोंग्यातून जाळे टाकणारे मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचे सभासद. दुसरा, काठच्या गवतात गळ टाकून बसलेला एखादा शेतमजूर, नाहीतर शाळा बुडवून आलेला पोरगा. पहिल्यांजवळ ठेक्याचा कागद असतो, दुसऱ्याजवळ नसतो. या दुसऱ्याला तेथून उठवावे काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तलाव सार्वजनिक आहे, या वाक्याचा अर्थ त्यावरच ठरतो.

या भागातील कित्येक जुने तलाव कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. म्हणून ते ‘माजी मालगुजारी’, लघुरूपाने ‘मामा’ तलाव. कार्यालयीन लघुरूप लोकांच्या तोंडी इतके सहज बसावे, हे क्वचितच घडते.

ठेकेदार संस्था म्हणजे कोणी धनदांडगा नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. तिचे सभासद बहुधा ढिवर असतात. त्यांचे पाण्याशी असलेले नाते ठेक्याच्या कागदापेक्षा फार जुने आहे. शिवाय रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीतले मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून त्यांचे बीज मुबलक मिळण्याचा मार्ग खुला झाला. संस्था बोटुकली पैसे मोजून आणते व तलावात सोडते. तो मासा परक्याने नेला तर तिचा संताप रास्तच आहे.

परंतु मरळ, शिंगी, मागूर यांना कोणी विकत आणून सोडलेले नसते. ते तलावातल्या गवतावनस्पतींत आपले आपण वाढतात. मरळ तर आपल्या पिलांची राखणही करते. काठावर बेडूक किंवा गांडूळ लावलेल्या गळाला बहुधा हेच मासे लागतात. सोडलेला मासा संस्थेचा, आपोआप वाढलेला गावाचा, असा भेद मला न्याय्य वाटतो.

यावर दोन आक्षेप येतील. गळाला कधीमधी रोहूही लागतो, आणि मरळ बोटुकली खाते. दोन्ही खरे आहेत. म्हणून सवलत मर्यादित असावी: एका माणसाला एक गळ, घरच्या कालवणापुरता मासा, विक्री नाही. बोटुकली जरा मोठी करून सोडली, तर मरळीची भीतीही पुष्कळ कमी होते.

देशी मासा टिकवण्यात संस्थेचेही हित आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रीपुरुषांनी काही तलावांतील बेशरम उपटून तळाशी देशी पाणवनस्पती लावल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ त्यांच्या सोबत होते. तेथे देशी मासे पुन्हा दिसू लागले. हे ज्ञान मासा फक्त वजनात मोजणाऱ्याजवळ नसते.

गळाचा हा नियम ग्रामसभेने आणि संस्थेने एकत्र बसून ठरवावा. त्यात एक अट मात्र जरूर असावी. वैशाखात पाणी आटून तलाव डबक्याएवढा उरतो, तेव्हा गळही बंद. कारण त्या चिखलात तग धरून राहिलेली मरळ हेच पुढच्या पावसाळ्याचे बी असते.